इन्सुलिनमधून डुक्कर कसं बाहेर पडलं

आपल्याकडे विज्ञानाचा विषय निघाला की इब्ने सीनांचं नाव हमखास येतं. त्यांच्या ‘अल कानून’ या ग्रंथात मधुमेहाचं वर्णन आहे, हे मीही अनेक जलशांत सांगितलं आहे. टाळ्या मिळतात. पण मधुमेहाच्या इतिहासाचा पुढचा भाग आपण सांगत नाही. तो माझ्या घरातून गेलेला आहे, म्हणून आज सांगतो.

१९८४ साली माझ्या दादीला डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करायला सांगितलं. गोळ्यांनी साखर आटोक्यात येत नव्हती. घरात फ्रीज नव्हता. अब्बांनी बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या छोट्या मडक्यात ठेवली. आठ-दहा दिवस इंजेक्शनं झाली आणि कोणीतरी घरी येऊन सांगून गेलं, ‘हे डुकरापासून करतात.’ दादीने दुसऱ्या दिवशी हात पुढे केला नाही.

अब्बा मशिदीतल्या मौलाना साहेबांना घेऊन आले. मौलाना साहेबांनी पडद्यापलीकडून तिला समजावलं : जीव वाचवायला दुसरा उपाय नसेल तर मजबुरीत शरीयत सूट देते, सूरह बकरामध्येच तशी सवलत आहे, यात गुनाह नाही. दादीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मौलाना साहेब, मसला कळला. पण मन घेत नाही.’ दोन वर्षांनी तिच्या पायाची जखम चिघळली, पाय कापावा लागला आणि त्यातच ती गेली.

आम्ही पुष्कळ वर्षं हा दोष तिच्या अडाणीपणाला दिला. मी या औषधाचा इतिहास वाचला, तेव्हा माझं मत बदललं.

स्वादुपिंड काढून टाकलं की कुत्र्याला मधुमेह होतो, हे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ साली दाखवलं होतं. स्वादुपिंडातला तो उपयोगी रस वेगळा काढायला मात्र १९२१ साल उजाडलं. कॅनडात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत ते काम केलं, कॉलिप यांनी तो रस शुद्ध केला. जानेवारी १९२२मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून देणं एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला नाममात्र १ डॉलरला दिले.

औषध सापडलं, पण ते येणार कुठून? कत्तलखान्यातून. इलाय लिली या अमेरिकी कंपनीने गायी आणि डुकरांची स्वादुपिंडं गोळा करून इन्सुलिन काढायला सुरुवात केली. सुमारे सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध इन्सुलिनसाठी जवळपास दोन टन स्वादुपिंडं लागत. लिलीच्या ‘आयलेटिन’ या इन्सुलिनमध्ये तर गाय आणि डुक्कर दोन्हींचं मिश्रण असे. १८५७च्या काडतुसांची आठवण यावी अशी ती बाटली. भारतातल्या किती हिंदू आणि जैन घरांतही माझ्या दादीसारखी घालमेल झाली असेल, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

डुक्करच का? याचं उत्तर इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या कामातून मिळालं. त्यांनी १९५५पर्यंत इन्सुलिनची रचना संपूर्ण उलगडली आणि १९५८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. माणसाचं इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचं असतं. गायीच्या इन्सुलिनमध्ये त्यातली ३ वेगळी, डुकराच्या इन्सुलिनमध्ये फक्त १. ज्या प्राण्यापासून आपण इतके दूर पळतो, त्याचं इन्सुलिन आपल्या इन्सुलिनच्या इतकं जवळचं. अल्लाहच्या कुदरतीपुढे माणसाने गप्प बसावं, असं हे सत्य आहे.

मग डुक्कर बाहेर कसं पडलं? आपल्या फतव्यांनी नव्हे. १९७०च्या दशकात रुग्ण वाढत होते आणि स्वादुपिंडं पुढे पुरणार नाहीत, अशी भीती होती. शिवाय प्राण्यांच्या इन्सुलिनची काही रुग्णांना ॲलर्जी येई. १९७३ साली स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाचं जनुक जीवाणूत घालून त्याच्या प्रती वाढवण्याची रीत सिद्ध केली. बॉयर आणि रॉबर्ट स्वॉन्सन यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियात जेनेन्टेक ही कंपनी काढली. बायोटेक उद्योगाची सुरुवात इथून मानतात.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला एक गोष्ट घडली, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हार्वर्ड विद्यापीठ ज्या केम्ब्रिज शहरात आहे, तिथल्या नगरपालिकेने या प्रयोगांना तात्पुरती बंदी घातली. जीवाणू गटारातून शहरात पसरले तर, ही लोकांची धास्ती होती. म्हणजे नव्या विज्ञानाची भीती फक्त आमच्या मोहल्ल्यात नव्हती. पण केम्ब्रिजकर तिथे थांबले नाहीत. साध्या नागरिकांची एक समिती नेमली गेली. तिने काही महिने शास्त्रज्ञांना बोलावून प्रश्न विचारले, समजून घेतलं आणि १९७७च्या सुरुवातीला शहराने अटी घालून परवानगी दिली. पुढे हेच शहर बायोटेक कंपन्यांचं जगातलं एक मोठं केंद्र झालं.

जेनेन्टेकने वेगळी वाट धरली. माणसाचं जनुक शरीरातून काढण्याऐवजी सिटी ऑफ होप या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते रसायनांपासून कडी-कडी जोडून तयार केलं. कडक सरकारी नियम शरीरातून घेतलेल्या जनुकांसाठी होते, त्यामुळे हे काम अडलं नाही. जनुकं ई. कोलाय या जीवाणूत घातली, दोन साखळ्या वेगवेगळ्या तयार करवल्या आणि मग जोडल्या. १९७८ साली मानवी इन्सुलिन तयार झाल्याची घोषणा झाली. १९८० साली, एकही औषध बाजारात नसताना, जेनेन्टेकचा ३५ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ८८ डॉलरपर्यंत गेला. १ डॉलरच्या पेटंटपासून जग इथवर आलं होतं. ऑक्टोबर १९८२मध्ये लिलीच्या ‘ह्युम्युलिन’ला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

तारीख पुन्हा वाचा. माझ्या दादीने हात मागे घेतला त्याच्या दोन वर्षं आधी डुकराशिवायचं इन्सुलिन जगात आलेलं होतं. आमच्या तालुक्याच्या गावी ते आलं नव्हतं.

यातली आणखी एक गुंतागुंत सांगायला हवी. डेन्मार्कच्या नोवो कंपनीनेही १९८२ सालीच ‘मानवी’ इन्सुलिन आणलं, पण ते डुकराच्या इन्सुलिनमधलं ते एक वेगळं अमिनो आम्ल बदलून केलेलं होतं. काही वर्षांनी नोवो यीस्टकडे वळली. म्हणजे बाटलीवर ‘ह्यूमन’ लिहिलं होतं एवढ्यावरून तेव्हा निर्णय देता येत नव्हता. मसला सांगणाऱ्यालाही प्रयोगशाळेत काय चालतं हे कळणं गरजेचं होतं.

भारतात हे तंत्र कोणी आणलं? २००३ साली वोखार्ट कंपनीने ‘वोसुलिन’ बाजारात आणलं, यीस्टमध्ये तयार केलेलं मानवी इन्सुलिन. कंपनी मुंबईतल्या दाऊदी बोहरा कुटुंबातल्या हबील खोराकीवाला यांची, कारखाना औरंगाबादचा. पुढच्याच वर्षी किरण मजुमदार-शॉ यांच्या बंगळुरूच्या बायोकॉनचं ‘इन्सुजेन’ आलं. इब्ने सीनांना हजार वर्षं होत आली तरी ते आपल्याला पाठ आहेत. मराठवाड्यातला हा कारखाना मात्र मी एकाही जलशात ऐकलेला नाही.

आणि याच वोखार्टने इंग्लंडमधली एक कंपनी घेतल्यावर तिथे डुकराचं इन्सुलिनही विकलं, कारण काही जुन्या रुग्णांना तेच मानवत होतं. काहींना हा दांभिकपणा वाटेल. मला वाटत नाही. रुग्णाला जे औषध जगवतं ते त्याला मिळावं, मौलाना साहेबांनी माझ्या दादीला हेच तर सांगितलं होतं.

दादी अडाणी नव्हती. तिने मसला समजून घेतला होता. तिच्यापुढे प्रश्न फार उशिरा आला, इतकंच. बाटली उशाशी आल्यावर हलाल की हराम विचारलं, तर उत्तर एकच उरतं, मजबुरीचं. मजबुरीचं उत्तर बरोबर असलं तरी ते मनाला पटतंच असं नाही. केम्ब्रिजच्या लोकांनी प्रश्न प्रयोगशाळेच्या दारात विचारला, औषध तयार होण्याआधी. तिथे विचारलं तर मार्ग बदलता येतो. त्यासाठी प्रश्नही यावा लागतो आणि दारात आपलं कोणीतरी असावं लागतं.

आता पुढचा प्रश्न दारात उभा आहे. मूळपेशींपासून प्रयोगशाळेत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वाढवून त्या रुग्णाच्या शरीरात सोडण्याचे प्रयोग चालू आहेत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत पूर्ण डोस मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जणांना एक वर्षानंतर इन्सुलिनची गरज उरली नव्हती. या मूळपेशी येतात कुठून, मानवी भ्रूणातून आल्या तर काय, हे विचारायला आपण पुन्हा चाळीस वर्षं लावणार का?

माझी भाची यंदा बारावी झाली. बायोटेक्नॉलॉजीला प्रवेश घेते म्हणाली, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला की मुलीला याचा काय उपयोग, नोकरी कुठे मिळणार. मी तिला बसवून दादीच्या मडक्यातल्या बाटलीची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, ‘मामू, त्या बाटलीवर काय लिहिलं होतं हे कोणी वाचलंच नव्हतं का?’ खरंच, आमच्यापैकी कोणीही वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर जाऊन मी तिची फी भरून आलो.