कपाट ओसंडून वाहतंय? जुने कपडे निवडायचे कसे आणि द्यायचे कुठे?

कपाट उघडलं की कपड्यांची थप्पी अंगावर येते, तरी बाहेर जाताना 'घालायला काहीच नाही' हे ठरलेलंच. दिवाळीच्या साफसफाईत सगळं बाहेर निघतं, नीट घड्या होतात आणि बरंचसं पुन्हा आत जातं. असं का होतं?

कपडे देववत का नाहीत?

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये माणसाच्या एका सवयीला 'एन्डाउमेंट इफेक्ट' असं नाव दिलं. एखादी वस्तू आपली झाली की ती आहे त्यापेक्षा जास्त मोलाची वाटू लागते. त्यात 'एवढे पैसे मोजलेत' आणि 'बारीक झाल्यावर घालू' यांची भर पडते. पण कपडा कपाटात ठेवल्याने खर्च झालेले पैसे परत येत नाहीत.

दुसरं कारण घराबाहेरचं आहे. पूर्वी जुन्या कपड्यांच्या वाटा ठरलेल्या असायच्या. धडके कपडे धाकट्या भावंडांना जायचे. बोहारीण दारात आली की कपड्यांच्या बदल्यात स्टीलचं भांडं मिळायचं. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवली जायची आणि उरलेल्याचं फडकं व्हायचं. आता कपाटात पॉलिस्टर जास्त आहे. ते पाणी नीट शोषत नाही, म्हणून पुसायलाही कामाचं नाही. कुठे द्यायचं हे ठरलेलं नसलं की कपडा कपाटातच राहतो.

निवड कशी करायची?

जपानच्या मारी कोंडो यांची पद्धत जगभर गाजली. सगळे कपडे एका जागी काढायचे, एकेक हातात घ्यायचा आणि आनंद देणारे तेवढेच ठेवायचे. ते अवघड वाटत असेल तर दोन साधे प्रश्न पुरतात :

• गेल्या वर्षभरात हा घातला का? (वर्षात तिन्ही ऋतू आणि सगळे सण येऊन जातात.)
• आज अंगाला बसतो का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर कपडा बाजूला काढा. लग्नातला शालू किंवा आजीची नऊवारी या हिशेबात धरू नका. आठवणींच्या कपड्यांसाठी एक पेटी ठरवा, मात्र एकच.

कुठे द्यायचे?

• धडके कपडे : धुऊन, तुटलेली बटणं लावून, समोरच्याला विचारून द्या. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली 'गूंज' ही संस्था शहरांतले कपडे गावांपर्यंत पोहोचवते.
• जुने सुती कपडे : गोधडी, पिशव्या, फडकी.
• खऱ्या जरीच्या साड्या : या जरीत चांदी असते, त्यामुळे साडी विरली तरी जरीला किंमत मिळते. भाव दोन-तीन ठिकाणी विचारा.
• फाटके लोकरी आणि मिश्र धाग्यांचे कपडे : जुने कपडे घेणाऱ्यांकडे चौकशी करा. हरियाणातल्या पानिपतमध्ये अशा कपड्यांपासून पुन्हा सूत काढून ब्लँकेट बनवण्याचा मोठा उद्योग आहे.

दान की कचरा?

२००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदत म्हणून कपड्यांचे ढीग पोहोचले. त्यातले कितीतरी तिथल्या लोकांच्या उपयोगाचे नव्हते आणि ते रस्त्याकडेला पडून राहिले. पूर आला की जुने कपडे गोळा करण्याची आवाहनं आपल्याकडेही फिरतात. पिशवी भरण्याआधी तिथे नेमकं काय हवंय ते विचारा. फाटका, डागाळलेला किंवा विटलेला कपडा दिला तर आपलं कपाट रिकामं होतं, पण तो निवडण्याचं आणि फेकण्याचं काम आधीच संकटात असलेल्या माणसांवर पडतं.

म्हणून आधी कपडा कुठे जाणार ते ठरवा आणि मगच पिशवी भरा. भरलेली पिशवी त्याच आठवड्यात घराबाहेर गेली पाहिजे. दाराशी ठेवलेल्या पिशवीतले कपडे हळूहळू पुन्हा कपाटात जातात.