जलविघटन, प्रकाश-उत्प्रेरकी

सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने, बाहेरून वीज न पुरवता, अर्धसंवाहक पदार्थाच्या पृष्ठभागावर पाण्यापासून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करण्याची प्रक्रिया. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्टात जातो व त्याच्या जागी धनभारित पोकळी उरते; इलेक्ट्रॉनामुळे हायड्रोजन वायू तयार होतो, तर पोकळीमुळे ऑक्सिजन सुटतो. विघटनास किमान 1.23 व्होल्ट विभवांतर लागते, पण प्रक्रियेतील ऊर्जाहानी भरून काढण्यासाठी दोन पट्टांमधील अंतर याहून बरेच जास्त असावे लागते. ते फार वाढले, तर दृश्य प्रकाश वाया जातो.

आकीरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी 1972 मध्ये टिटॅनियम डाय-ऑक्साइडचा स्फटिक व प्लॅटिनमचे अग्र वापरून केलेल्या प्रयोगामुळे या विषयाकडे लक्ष वेधले गेले. मात्र हा पदार्थ केवळ जंबुपार किरण शोषतो व सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम 4 ते 5 टक्के असतो. लोहाचे ऑक्साइड (हेमॅटाइट) स्वस्त असून दृश्य प्रकाश शोषते. परंतु त्यातील पोकळ्या काही नॅनोमीटर अंतरातच इलेक्ट्रॉनांशी पुन्हा संयोग पावत असल्याने बहुतेक शोषलेली ऊर्जा उष्णतेत जाते.

स्ट्राँशियम टिटॅनेट : या पदार्थाचा अभ्यास विशेष बोधप्रद आहे. वितळलेल्या स्ट्राँशियम क्लोराइडात त्याची भुकटी तापवल्यावर तिची क्रियाशीलता वाढते, त्यामागे ॲल्युमिनाच्या मुशीतून विरघळून स्फटिकात शिरलेले ॲल्युमिनियम कारणीभूत असल्याचे आढळले. हे आयन पुनःसंयोगास वाव देणारे दोष कमी करतात. पुढे काझुनारी डोमेन यांच्या जपानी संशोधकगटाने स्फटिकाच्या काही फलकांवर ऱ्होडियम व इतर फलकांवर कोबाल्टचे संयुग बसवून इलेक्ट्रॉन व पोकळ्या यांच्या वाटा वेगळ्या केल्या, आणि ऱ्होडियमवर क्रोमियम ऑक्साइडचे आवरण देऊन तयार झालेल्या वायूंचे पुन्हा पाणी होणे रोखले. 2020 मध्ये जंबुपार प्रकाशात या भुकटीची बाह्य पुंज-कार्यक्षमता (पदार्थावर पडणाऱ्या प्रकाशकणांपैकी उपयोगात आलेल्यांचे प्रमाण) सुमारे 96 टक्के नोंदवली गेली. हे यश पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने असाधारण आहे, कारण पुनःसंयोग हा अटळ अडथळा नसून पृष्ठभागाच्या रचनेने तो जवळजवळ टाळता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. त्याच गटाने 2021 मध्ये 100 चौ. मी. क्षेत्रफळाच्या तावदानांवर महिनोन्‌महिने हायड्रोजन मिळवला. तथापि तेथे सौरऊर्जेपैकी कमाल 0.76 टक्के ऊर्जाच हायड्रोजनमध्ये साठवली गेली, कारण पदार्थ जंबुपार किरणांपुरताच कार्यक्षम होता.

सौरविजेवर चालणाऱ्या विद्युत् विच्छेदकापेक्षा ही पद्धत स्वस्त पडेल की नाही, याविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. दोन वायू एकत्र मिळत असल्याने स्फोटाचा धोका टाळण्यासाठी त्यांचे पटलाद्वारे विलगीकरण करावे लागते.

भारत : पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही हायड्रोजननिर्मितीविषयी संशोधन चालते.