आरोग्य अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम’वर पायाभूत सांख्यिकी

नर्सिंग, फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, औषधनिर्माणशास्त्र किंवा एमबीबीएस यांपैकी कोणत्याही अभ्यासक्रमाला तुम्ही प्रवेश घेतला असेल, तर सांख्यिकीशी गाठ पडणारच. एमबीबीएसला ती सामुदायिक वैद्यकशास्त्रात येते. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात ‘परिचर्या संशोधन व सांख्यिकी’ हा विषयच आहे. बारावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या विद्यार्थ्यांना या विषयाची धास्ती वाटते आणि मग खासगी शिकवणीचा खर्च सुरू होतो. तो करण्याआधी केंद्र सरकारची मोफत सोय पाहून घ्या.

स्वयम म्हणजे काय?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. नववीपासून पदव्युत्तर स्तरापर्यंतचे अभ्यासक्रम त्यावर आहेत. प्रत्येक अभ्यासक्रमात चित्रफिती, वाचन साहित्य, स्वयंचाचणी आणि शंका विचारण्यासाठी चर्चा मंच असतो. स्वयम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर ईमेलने खाते उघडता येते. प्रवेशाला उत्पन्नाची अट नाही आणि शिकण्याचे शुल्कही नाही. शुल्क लागते ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. नवे अभ्यासक्रम साधारणपणे जानेवारी आणि जुलै या दोन सत्रांत सुरू होतात.

कोणता अभ्यासक्रम निवडावा?

येथे घाई करू नका. शोधपेटीत ‘बायोस्टॅटिस्टिक्स’ लिहिले की आयआयटींचे अभ्यासक्रमही समोर येतात. ते उत्तम असले तरी त्यांतील काही अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. पहिल्या वर्षाच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला ते जड जातील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेने एनपीटीईएलमार्फत चालवलेला ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ हा अभ्यासक्रम आरोग्य क्षेत्रातील नवशिक्यांना जवळचा वाटेल. संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा, अभ्यासाची रचना कशी असते, नमुना किती मोठा घ्यावा, हे त्यात शिकवतात. शिकवण्याची भाषा इंग्रजी आहे. कोणताही अभ्यासक्रम घेण्याआधी त्याची आठवडानिहाय रूपरेषा वाचा आणि पहिली चित्रफीत पाहा. ती समजली नाही तर दुसरा अभ्यासक्रम शोधण्यात काहीच कमीपणा नाही.

गणित कच्चे असेल तर?

सुरुवातीला दहावीपुरते गणित पुरते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात मध्य, मध्यक, बहुलक आणि संभाव्यता आहेतच. जुने पुस्तक घरात असेल तर ते धडे आधी उघडा. संगणकाची घाई नको. वही आणि पेन्सिल पुरे.

एक उदाहरण सोडवून पाहा. एका वॉर्डातील सात रुग्ण अनुक्रमे २, ३, ३, ४, ४, ५ आणि ३५ दिवस दाखल होते. बेरीज ५६, म्हणून मध्य ८ दिवस. पण सातपैकी सहा रुग्ण पाच दिवसांत किंवा त्याआधीच घरी गेले! मधल्या रुग्णाचा आकडा, म्हणजे मध्यक, ४ दिवस आहे. नातेवाइकांनी ‘किती दिवस लागतील?’ असे विचारले तर यातला कोणता आकडा सांगायचा, हा सांख्यिकीचाच प्रश्न आहे.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे. समजा, १,००० लोकांपैकी १० जणांना एखादा आजार आहे. चाचणी आजारी असलेल्या १० पैकी ९ जणांना ओळखते; मात्र निरोगी ९९० पैकी १० टक्के, म्हणजे ९९ जणांनाही चुकून ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यात खरे आजारी ९. म्हणजे साधारण बारा जणांत एक. हे गणित माहीत असलेली परिचारिका अहवाल हातात घेऊन रडणाऱ्या माणसाला ‘पुढची तपासणी होऊ द्या, आताच काही ठरवू नका’ असे खात्रीने सांगू शकते.

सरावासाठी सरकारी आकडेवारी मोफत मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५७ टक्के झाले. दुसरा आकडा सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांच्या नमुन्यावरून काढला आहे. एवढ्या कुटुंबांवरून संपूर्ण देशाबद्दल कसे बोलता येते, हे समजले की नमुना निवडीचा धडा निम्मा झाला.

प्रमाणपत्र आणि श्रेयांक

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. अभ्यासक्रमाला नाव नोंदवले म्हणजे परीक्षेची नोंदणी झाली, असे नाही. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो, त्याची मुदतही वेगळी असते आणि ती अभ्यासक्रम चालू असतानाच संपते. परीक्षा ठरवून दिलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण हवेत. पहिले काही गृहपाठ चुकले तरी सगळे संपत नाही, कारण आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहाच धरतात. शिष्यवृत्ती मिळते म्हणून परीक्षा शुल्क आपोआप भरले जाईल असे समजू नका. सवलतीस पात्र असाल तर अर्जातच तसे नोंदवा आणि दाखला तयार ठेवा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार विद्यापीठे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेऊ देऊ शकतात. मात्र आरोग्य अभ्यासक्रमांना त्या त्या परिषदेचे किंवा आयोगाचे नियम लागू असतात. म्हणून हा अभ्यासक्रम तुमच्या गुणपत्रिकेत धरला जाईल का, हे नाव नोंदवण्याआधीच महाविद्यालयाला लेखी विचारा. उत्तर ‘नाही’ आले तरी मोफत शिकण्याला कोणाची परवानगी लागत नाही.

इंटरनेट नसेल तर

‘स्वयम प्रभा’ या शैक्षणिक दूरचित्रवाणी वाहिन्या डीडी फ्री डिशवर विनामूल्य दिसतात. त्यांचे वेळापत्रक जवळच्या सामाईक सेवा केंद्रातून किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून काढून घ्या. खाते उघडताना दिलेला ईमेल आणि मोबाइल क्रमांक मात्र स्वतःचाच असू द्या, केंद्रचालकाचा नको. परीक्षेच्या सूचना आणि प्रवेशपत्राची माहिती त्याच ईमेलवर येते.