तलवारीची धार ते तंबोऱ्याची जवारी

परंड्याचा भुईकोट म्हटला की इतिहासप्रेमींना पहिल्यांदा आठवते ती मलिक-ए-मैदान. १५४९ मध्ये महंमद बिन हुसेन रूमी याने अहमदनगरात ओतलेली ही अजस्र तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. ओतणाऱ्याचे नाव तोफेवरच कोरलेले असल्यामुळे ते टिकले. परंतु अशा प्रत्येक किल्ल्याला लागणारा दुसरा एक कारागीर निनावीच राहिला. तो म्हणजे शिकलगार.

 गंजलेल्या, बोथटलेल्या पात्याला तो पुन्हा धार आणि चकाकी देई. धातूचा केसभर थर किती दाबाने निघतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. मग राज्ये बुडाली, फौजा मोडल्या. तलवारीच उरल्या नाहीत तेव्हा हे हात कुठे गेले?

एक उत्तर मिरजेत मिळते. पटवर्धनांच्या या संस्थानात गवई-वादकांची ये-जा असे. त्यांची बिघडलेली वाद्ये दुरुस्त करण्याचे काम १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे आले, अशी मिरजेची परंपरा सांगते. जुने वाद्य उघडायचे, ते कसे जोडले आहे ते पाहायचे आणि मग तसेच दुसरे घडवायचे: विद्या अशी नकलेतून आली. नक्कल हा शब्द येथे हीन अर्थाने घेऊ नये. शिकलगारांचे पुढे ‘सतारमेकर’ झाले आणि गल्लीलाही तेच नाव पडले.

तंबोऱ्याचा भोपळा येतो परंड्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमाकाठावरून. तो कडू जातीचा, जाड सालीचा असतो. पूर्ण वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून कापतात, आतला गर काढतात आणि आकार धरण्यासाठी पुन्हा वाळवतात. दांडीला तुणाचे लाकूड लागते. लाकडात ओल राहिली तर पुढे दांडी वाकते, म्हणून ते मुरू द्यावे लागते. येथे घाई चालत नाही.

मात्र खरी कसोटी जवारीची. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा सपाट दिसला, तरी तो अगदी किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर वारंवार टेकते आणि एका स्वरातून अनेक उपस्वर उमलतात. भारतीय तंतुवाद्यांच्या या घोडीतील भौतिकशास्त्राने सी. व्ही. रामन यांनाही वेधून घेतले. त्यांनी १९२१ मध्ये त्यावर लिहिले. कारागीर हा उतार कानशीने, कानाने ऐकत घासतो. एक फेर जास्त फिरला तर जवारी गेली. पात्यावरून फिरणारा हात तो हाच!

आता जरा अमेरिकेकडे पाहू. १९९५ मध्ये फेंडर कंपनीने ‘रेलिक’ नावाच्या इलेक्ट्रिक गिटारी बाजारात आणल्या. १९५० च्या दशकातील वाद्यांच्या या हुबेहूब प्रतिकृती. विन्स क्युनेटो हा कारागीर नव्या गिटारीचा रंग झिजवी, लॅकरला तडे पाडी, धातूच्या भागांवर गंज चढवी, जणू चाळीस वर्षे कोणी ती रंगमंचावर वाजवली आहे. या कामातही कौशल्य आहे, हे मान्यच करावे लागेल. पण तेथे वय बाहेरून चढवले जाते; मिरजेत ते आत मुरते, आणि वाद्य मात्र नव्यासारखे झळकत बाहेर पडते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीचे जाणकार होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबर मिरजेतच, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. अशा कानांसमोर वरवरचे जुनेपण टिकले नसते.

१९७९ मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आज तर तो मोबाइलमध्येच मावतो. त्याला ना भोपळा लागतो, ना कानस. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे ‘मिरज’ हे नाव दुसऱ्या कोणाला आपल्या मालावर लावता येत नाही. जवारी काढणारा हात मात्र मानांकनाने तयार होत नाही. तो गुरूशेजारी वर्षानुवर्षे बसूनच तयार होतो.

तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात आणि आवाज बसतो. तेव्हा तंबोरा पुन्हा कारागिराकडे येतो आणि त्याच घोडीवर कानस नव्याने फिरते.