धातुशोधनाचा छंद : यंत्र, कायदा आणि सापडलेली जागा

मेटल डिटेक्टर घेऊन समुद्रकिनारे, नांगरलेली शेते आणि माळराने धुंडाळण्याचा छंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेत, रुजला. हरवलेल्या अंगठ्या, सुटी नाणी, जुनी बक्कले, बटणे आणि क्वचित एखादे गुप्तधन त्यातून हाती येते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र निघालेल्या वस्तूइतकीच ती कुठे, किती खोलीवर आणि कशाच्या सोबत निघाली ही माहिती मोलाची असते. वस्तू घाईने उपसली की ही माहिती कायमची नाहीशी होते. त्यामुळे यंत्रात झालेल्या सुधारणांबरोबरच ही नोंद टिकवण्यासाठी झालेले कायदे आणि छंदी व अभ्यासक यांच्यात हळूहळू जमलेला विश्वास यांनाही या छंदाच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे.

यंत्राचा जन्म

धातुशोधक यंत्राचे तत्त्व विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे आहे. तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात लहान भोवरी प्रवाह निर्माण होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते आणि यंत्र आवाज देते.

या तत्त्वाचा एक गाजलेला प्रयोग १८८१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये झाला. २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि एक गोळी शरीरातच राहिली. टेलिफोनमुळे नावारूपाला आलेले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ती शोधण्यासाठी प्रवर्तनावर चालणारे उपकरण तयार केले. अमेरिकन यादवी युद्धातील जुन्या सैनिकांच्या अंगात राहिलेल्या गोळ्या त्याने बरोबर दाखवल्या होत्या. अध्यक्षांच्या बाबतीत मात्र दोनदा प्रयत्न करूनही अपयश आले. गादीतील पोलादी स्प्रिंगांनी संकेतात गोंधळ केला असे मानले जाते. शिवाय गोळी उजव्या बाजूलाच आहे या समजुतीने डॉक्टरांनी शोध त्याच बाजूपुरता ठेवला होता. १९ सप्टेंबरला गारफील्ड यांचे निधन झाले आणि शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली.

पुढची मोठी पायरी जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या गेरहार्ड फिशर यांच्या नावावर आहे. रेडिओच्या साहाय्याने दिशा ठरवणाऱ्या उपकरणांवर काम करताना, जमिनीत खनिज असलेल्या भागात दिशेचा अंदाज चुकतो असे त्यांच्या ध्यानात आले. हीच चूक खनिज शोधायला वापरता येईल हे ओळखून त्यांनी हाती धरण्याजोगे यंत्र बनवले. १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळाले. खाणींचे शोधक, तसेच पुरलेले नळ आणि तारा शोधणारे कामगार हे त्याचे पहिले गिऱ्हाईक होते.

दुसऱ्या महायुद्धाने या यंत्राला जीवनमरणाचे काम दिले. भूसुरुंग शोधायचे तर सैनिक तोवर संगिनीने जमीन टोचत पुढे सरकत. स्कॉटलंडमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सैन्यातील अभियंते युझेफ कोसात्स्की यांनी एका सैनिकाला वाहून नेता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. त्याचे वजन १४ किलोच्या आत होते. त्यांनी त्याचे पेटंट न घेता तो ब्रिटिश सैन्याला दिला. ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधील एल अलामेनच्या लढाईत असे सुमारे ५०० शोधक वापरले गेले. त्यांच्यामुळे सुरुंग पेरलेल्या वाळवंटातून वाट काढण्याचा वेग जवळजवळ दुप्पट झाला.

किनाऱ्यावरचा छंद

युद्ध संपल्यावर सैन्याला नको असलेले सुरुंगशोधक अमेरिकेत स्वस्तात विकले गेले आणि छंदाला तिथून सुरुवात झाली. फ्लोरिडातील सेबॅस्टियन गावाजवळ घरे बांधण्याचा व्यवसाय करणारे किप वॅगनर यांना वादळानंतर किनाऱ्यावर काळवंडलेली स्पॅनिश चांदीची नाणी मिळत. त्यांनी १५ डॉलरला असा एक जुना सुरुंगशोधक घेतला. नाण्यांवरची वर्षे १७१५ च्या पुढे जात नव्हती आणि ३१ जुलै १७१५ च्या वादळात स्पेनचा खजिना नेणारा एक ताफा याच किनाऱ्यालगत बुडाला होता. वॅगनर यांना वाळूच्या टेकड्यांमागे त्या ताफ्यातून वाचलेल्या लोकांच्या छावणीची जागा सापडली आणि तिच्या आधारे समोरच्या समुद्रातील जहाजांचे अवशेषही हाती आले. किनाऱ्याच्या या पट्ट्याला आज ट्रेझर कोस्ट म्हणतात.

किनारा यंत्राची कसोटी पाहतो. समुद्राच्या पाण्याने भिजलेली खारी वाळू स्वतःच विद्युतवाहक असते, त्यामुळे साधे यंत्र नुसत्या ओल्या वाळूवरही आवाज करू लागते. यावर उपाय म्हणून स्पंदनावर चालणारी यंत्रे आली. क्षणभर प्रवाह सोडायचा, लगेच तोडायचा आणि धातूतील भोवरी प्रवाह किती वेळात विझतो हे पाहायचे, अशी त्यांची रीत आहे. पुढे एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणारी यंत्रेही निघाली. जड वस्तू सैल वाळूतून हळूहळू खाली जातात आणि घट्ट थरावर अडकतात. भरती-ओहोटी किंवा वादळाने वरची वाळू ओढून नेली की त्या पुन्हा यंत्राच्या टप्प्यात येतात. म्हणून अनुभवी शोधक वादळानंतरच्या ओहोटीची वाट पाहतात.

१९७० च्या दशकात लोखंड आणि इतर धातू यांच्या संकेतांतील फरक ओळखणारी, जमिनीतील खनिजांचा प्रभाव वजा करणारी हलकी यंत्रे बाजारात आली. खिळे टाळून चांदीचे नाणे शोधणे त्यामुळे शक्य झाले. सोन्याची बारीक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे संकेत मात्र आजही एकमेकांशी इतके जुळतात की खणल्याशिवाय उलगडा होत नाही. एकट्या नाण्याचा ठाव साधारण वीतभर खोलीपर्यंतच लागतो.

ब्रिटनमधील संघर्ष

स्वस्त यंत्रे आणि हजारो वर्षांची वस्ती अंगावर बाळगणारी जमीन यांमुळे ब्रिटनमध्ये हा छंद झपाट्याने पसरला. तेथील गुप्तधनाचा कायदा मात्र मध्ययुगीन होता. सोन्याचांदीची वस्तू, पुन्हा काढून नेण्याच्या हेतूने दडवलेली आणि मालक अज्ञात असेल तरच ती राजसत्तेची ठरे. १९३९ मध्ये सफकमधील सटन हू येथे अँग्लो-सॅक्सन काळातील जहाज-दफन उजेडात आले. त्यातील सोने मृताला दिलेले होते, परत काढण्यासाठी पुरलेले नव्हते, म्हणून ते गुप्तधन ठरले नाही. जमिनीच्या मालकीण इडिथ प्रिटी यांनी ते ब्रिटिश म्युझियमला दान केले. इतिहासाचे रक्षण असे एकेका व्यक्तीच्या उदारपणावर अवलंबून होते.

१९७९ च्या कायद्याने संरक्षित स्मारकांच्या जागी परवानगीशिवाय धातुशोधक वापरण्यास बंदी घातली. त्याच सुमारास पुरातत्त्वज्ञांच्या संघटनांनी छंदाविरुद्ध मोहीम उघडली. उत्तरादाखल १९८१ मध्ये छंदी लोकांनी आपली राष्ट्रीय परिषद स्थापन केली. पुरातत्त्वज्ञांना या लोकांत लुटारू दिसत. यांत्रिक नांगर आणि रासायनिक खते वरच्या थरातील धातूचा चुराडा करत असताना आपण त्या वस्तू वाचवतो, असे छंदी लोकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. सरे परगण्यातील वॉनबरो येथे १९८० च्या दशकात रोमन काळातील मंदिराची जागा रातोरात खणून हजारो प्राचीन नाणी पळवली गेली. पुरणाऱ्याचा हेतू सिद्ध करण्याच्या जुन्या अटीमुळे गुन्हेगारांना शिक्षा देणे अवघड गेले आणि कायदा बदलण्याच्या मागणीला जोर आला.

याच काळात नॉरफकमधील वस्तुसंग्रहालयाने वेगळी वाट धरली. तेथील पुरातत्त्वज्ञ छंदी लोकांच्या क्लबांमध्ये जाऊन वस्तू ओळखून देत आणि त्या कुठे सापडल्या ते नकाशावर टिपून घेत. दटावण्यापेक्षा ऐकून घेतल्याने अधिक माहिती मिळते हा धडा पुढे साऱ्या देशाला उपयोगी पडला.

हॉक्सनचा साठा आणि नवा कायदा

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफकमधील हॉक्सन गावी एरिक लॉज हे गृहस्थ एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होते. हातोड्याऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी निघू लागली. थोडे काढल्यावर त्यांनी खणणे थांबवले आणि जमीनमालकांना व पोलिसांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. १४,८६५ रोमन नाणी आणि सुमारे २०० सोन्याचांदीच्या वस्तू मिळाल्या. माती न विस्कटल्यामुळे लाकडी पेटीच्या खुणा, चांदीची इवलीशी कुलुपे आणि वस्तू कशा रचून ठेवल्या होत्या हेही कळले. या साठ्यासाठी १७.५ लाख पौंड देण्यात आले. शेवटी सापडलेला तो हातोडाही आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

१९९६ चा ट्रेझर ॲक्ट सप्टेंबर १९९७ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये लागू झाला. हेतूची अट त्याने काढून टाकली. तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू गुप्तधन ठरली, तसेच एकत्र सापडलेली जुनी नाणी आणि त्यांच्यासोबतच्या इतर वस्तूही. शोधकाने १४ दिवसांत कॉरोनर या न्यायिक अधिकाऱ्याला कळवायचे, स्वतंत्र समितीने किंमत ठरवायची आणि वस्तुसंग्रहालयाने वस्तू घेतली तर मोबदला सहसा शोधक व जमीनमालक यांच्यात निम्मा-निम्मा वाटायचा, अशी व्यवस्था झाली. गुप्तधनात न मोडणाऱ्या वस्तूंच्या ऐच्छिक नोंदीसाठी १९९७ पासूनच प्रायोगिक योजना सुरू झाली. २००३ पर्यंत ती इंग्लंड आणि वेल्सभर पोहोचली. तिच्यात आतापर्यंत १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे.

नोंदीतून उमगलेला इतिहास

एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेटमधील फ्रूम गावाजवळ डेव्ह क्रिस्प यांना एका मोठ्या रांजणाचे तोंड लागले. त्यांनी हात आवरला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. रांजणात ५२,५०३ रोमन नाणी होती. ती थराथराने वेगळी काढण्यात आली. सर्वांत अलीकडची नाणी, म्हणजे इ.स. २८६ ते २९३ या काळात ब्रिटनवर राज्य करणाऱ्या कॅरॉशियसची, बहुतांशी वरच्या थरात नव्हती, तर खालच्या निम्म्या भागात होती. वर्षानुवर्षे थोडी थोडी टाकलेली ही बचत असती तर उलटे दिसले असते. त्यावरून रांजण जागेवर पुरून एकाच वेळी भरला गेला असे अनुमान निघाले आणि ही सामुदायिक अर्पणाची खूण असावी असे मत अभ्यासकांनी मांडले. नाणी पोत्यात भरून बाजारात नेली असती तर हा प्रश्न विचारताही आला नसता.

लिंकनशरमधील टॉर्क्सी येथे व्हायकिंग सैन्याने इ.स. ८७२-८७३ चा हिवाळा काढल्याचे जुन्या बखरीत नमूद होते, पण नेमकी जागा ठाऊक नव्हती. छंदी लोकांनी एका शेतपट्ट्यात मिळालेली अरबी चांदीची नाणी, तोडलेल्या चांदीचे तुकडे, वजने आणि शिशाच्या सोंगट्या नोंदवल्या. त्यांच्या नकाशावरून छावणीचा विस्तार स्पष्ट झाला. लढणारे लोक तिथे व्यापार करत, धातू वितळवत आणि पटावर खेळत होते हेही दिसून आले.

अमेरिकेत माँटाना राज्यातील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १८७६ मध्ये लेफ्टनंट कर्नल कस्टर यांच्या तुकडीचा लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी पराभव केला होता. १९८३ च्या वणव्यात तिथले गवत जळाले आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक वापरणाऱ्या स्वयंसेवकांना सोबत घेतले. प्रत्येक काडतूस जागेवरच नोंदवण्यात आले. काडतुसांवरील ठशांवरून एकेक बंदूक रणांगणात कुठून कुठे सरकली ते मांडता आले.

उणिवा आणि इतर देशांचे मार्ग

ब्रिटनच्या नव्या कायद्यातही फट होती. २०१० मध्ये कंब्रियात रोमन घोडेस्वाराचे मुखवट्यासह शिरस्त्राण सापडले. एकटीच आणि सोन्याचांदीची नसलेली वस्तू असल्याने ती कायद्याबाहेर राहिली आणि लिलावात सुमारे २३ लाख पौंडांना खाजगी ग्राहकाकडे गेली. जुलै २०२३ मध्ये व्याख्या वाढवण्यात आली. त्यानुसार दोनशे वर्षांहून जुनी धातूची वस्तू इतिहासाच्या दृष्टीने असाधारण असेल तर धातू कोणता हे न पाहता ती गुप्तधन ठरते. लपवाछपवी मात्र पुरती थांबलेली नाही. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये निघालेला व्हायकिंग काळातील साठा न कळवता विकला गेला. सुमारे ३०० नाण्यांपैकी थोडीच परत मिळाली आणि गुन्हेगारांना तुरुंगवास झाला.

इतर देशांनी वेगवेगळे मार्ग निवडले. स्कॉटलंडमध्ये मालक नसलेली प्रत्येक पुरावस्तू राजसत्तेची असते. आयर्लंडमध्ये १९८० साली डेरिनाफ्लान येथे धातुशोधकाने चर्चच्या पूजेतील आठव्या-नवव्या शतकातील पात्रे निघाली. त्यावरून झालेल्या वादानंतर १९८७ पासून पुरावस्तूंचा असा शोध परवान्याशिवाय बेकायदा आहे. डेन्मार्कमध्ये हा छंद खुला आहे, मात्र महत्त्वाची वस्तू राष्ट्रीय संग्रहालयाच्या स्वाधीन करावी लागते.

भारतात हा छंद रुजला नाही, पण गुप्तधनाचा कायदा १८७८ पासून आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जमिनीत सापडले तर त्याचे स्वरूप, जागा आणि तारीख लेखी कळवणे शोधकावर बंधनकारक आहे. ही सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. शिवाय संरक्षित पुरातत्त्वीय क्षेत्रात परवान्याविना खणता येत नाही. साठा एकत्र राहिला तर काय साधते याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. सातवाहनांनी नहपानाचे राज्य जिंकल्याचा हा भक्कम पुरावा ठरला. सुटी होऊन सराफांकडे वितळली असती तर याच नाण्यांची फक्त चांदी उरली असती.