बेट्टाची बरणी आणि पॅरिसची नळी

सानपाड्यातल्या घरांत, दुकानांच्या काउंटरवर, कधी शाळेच्या प्रयोगशाळेतही लहानशा काचेच्या बरणीत एकटाच ठेवलेला बेट्टा मासा दिसतो. ‘याला पंप लागत नाही, कसल्याही पाण्यात राहतो’ असे सांगून तो विकला जातो. थोड्याच दिवसांत मासा मरतो आणि दोष खाद्याला दिला जातो. विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याला एकोणिसाव्या शतकात जावे लागेल.

बेट्टा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्या पडलेला एक अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन घेतलेल्या हवेतला ऑक्सिजन तो या अवयवातून शोषतो. आपला मरळही काहीशा अशाच सोयीमुळे बाजारात थोड्या पाण्यात तासन्‌तास तग धरतो. मद्रासच्या लष्करी वैद्यकीय सेवेतले फ्रान्सिस डे यांनी १८६८ च्या सुमारास अशा भारतीय माशांवर प्रयोग केले. पृष्ठभागावर येऊ दिले नाही, तर ते भरपूर पाण्यातही गुदमरतात असे त्यांना आढळले. तेव्हा पंपाविना बेट्टा राहतो हे खरे.

पण श्वासाची सोय झाली म्हणून उत्सर्जन थांबत नाही. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. उरलेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवून ‘समतोल’ टाकी जमवली. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचा हिशेब त्यातून जुळला, अमोनियाचा राहिला.

तो पुढे सुटला, आणि तोही माशांमुळे नव्हे, सांडपाण्यामुळे! पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्युंत्झ यांनी १८७७ मध्ये वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपवले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनियाच्या जागी नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली. निव्वळ रासायनिक क्रिया वीस दिवस वाट कशाला पाहील? काम सजीवांचेच होते. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे केले. टाकीत दुसरी पायरी नायट्रोबॅक्टर गाठतात असे पाठ्यपुस्तके सांगत. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायराचे असते, हे १९९८ मध्ये दिसले.

बेट्टाची बरणी म्हणजे पहिल्या दिवसाची ती पॅरिसची नळी. तीत जिवाणू नाहीत, आणि पाणी इतके थोडे की विष पातळ व्हायलाही वाव नाही. शिवाय पीएच एकाने वाढला, की अमोनियाचा खरा विषारी अंश जवळजवळ दसपट होतो.

म्हणून आम्ही निदान पंधरा-वीस लिटरची झाकणाची टाकी आणि मंद प्रवाहाचा स्पंजचा फिल्टर सुचवतो. झाकण व पाणी यांत हवेला जागा हवी. तापमान २४ ते २८ अंश. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंनाही मारते. तेव्हा ते आधी घालवावे, आणि स्पंज नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळे एकदम नको.

वर्गात हे करून पाहता येईल. मासा न सोडता टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि अमोनिया व नायट्राइट यांची चाचणी करून आलेख काढावा. अमोनिया चढून उतरेल, त्यामागून नायट्राइट. याला चार ते सहा आठवडे लागतात. दोन्ही आकडे शून्यावर टिकले, की पाव हिस्सा पाणी बदलून मासा आणायला हरकत नाही.