मुरुंबदेवाचा राजगड, यमुनेची आनंदी



आमच्या विंझरजवळ मार्गासनीहून एक फाटा राजगडाकडे जातो, तर वेल्ह्याचा रस्ता तोरण्याच्या पायथ्याशी पोहोचतो. राजगड हे नाव शिवाजी महाराजांनी दिलेले. आधी त्या डोंगराला मुरुंबदेव म्हणत. तोरण्याचेही त्यांनी प्रचंडगड असे नामकरण केले. राजगड हे नाव असे रुजले की मुरुंबदेव आता पुस्तकातच भेटतो. प्रचंडगड मात्र लोकांच्या तोंडी बसला नाही, तोरणा तोरणाच राहिला. नाव बदलले म्हणून डोंगराचा दगडही हलत नाही. पण आपल्याकडे गडांपेक्षा कितीतरी जास्त नावे बदलली ती लेकींची. ताम्हनात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे, की झाले.

१८७३ साली कुर्लेकरांची यमुना महादेव गोविंद रानड्यांच्या घरी आली आणि रमाबाई झाली. पुढच्याच वर्षी कल्याणची दुसरी एक यमुना गोपाळराव जोश्यांशी लग्न होऊन आनंदी झाली. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाली ती हीच. १८९३ मध्ये गोदूबाई या बालविधवेने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, त्याही आनंदीबाई झाल्या. तिघींनी मोठी कामे केली, म्हणून त्यांची माहेरची नावे निदान चरित्रांत तरी सापडतात. तुमच्या-माझ्या पणजीचे माहेरचे नाव कुठे सापडेल?

मग यमुना गेली कुठे? की आनंदी म्हणजेच यमुना? आपल्या आचार्यांनी हा प्रश्न सोन्यावरून समजावला आहे. समंतभद्राचार्यांच्या ‘आप्तमीमांसे’त सोन्याचा घडा मोडून मुकुट घडवण्याचा दृष्टांत आहे. ज्याला घडा हवा होता तो खिन्न होतो, ज्याला मुकुट हवा होता तो हरखतो, आणि ज्याला सोनेच हवे होते तो शांत राहतो. घडा आणि मुकुट हे पर्याय, सोने हे द्रव्य. पर्याय येतात-जातात, द्रव्य टिकते. लग्नघरी तरी वेगळे काय असते? माहेर रडते, सासर हसते. फक्त सोन्याला काय वाटते, हे कोणी विचारत नाही. घडलेले सोने बोलत नाही. घडलेली मुलगी जीव आहे, तिला सगळे आठवत असते.

समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांवर मोठा ग्रंथ लिहिला. उत्तरेत मुलगी अनोळखी घरी, दूर दिली जाते. दक्षिणेत बहुधा नात्यातच. आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधला, असे त्यांनी दाखवले. मामाच्या घरी सून म्हणून गेलेलीला निदान ओळखणारे कोणी असते. परक्या घरी गेलेलीची ओळख मात्र नव्याने मांडावी लागते.

काही जणी म्हणतात, आपण आत्मा मानणारे, नावाचा मोह कशाला? दीक्षा घेताना साध्वीसुद्धा जुने नाव सोडतात. खरे आहे, पण त्या स्वतः सोडतात. त्याग करणाऱ्याचा असतो. दुसऱ्याने काढून घेतले तर त्याला त्याग म्हणत नाहीत. निश्चयनयाने आत्म्याला नाव नाही, हे मान्य. पण आपला धर्म व्यवहारनयही शिकवतो, आणि व्यवहारात वारस, कागद, आठवण सगळे नावावरच चालते.

मी वाणिज्य शाखेची. नवी वही घातली तरी जुन्या वहीतली शिल्लक पुढे ओढावी लागते, नाहीतर हिशेब खोटा ठरतो. आपल्या वंशावळींत मात्र मुलाखाली मुलगा, नातवाखाली नातू. सुनेचे नाव असलेच तर सासरचे. तिची मागची शिल्लक कोणीच पुढे ओढलेली नाही.

सरकारने थोडी सुरुवात केली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहायचे, असा निर्णय महाराष्ट्राने घेतला. पण मागच्या पिढ्यांसाठी कोणताही शासननिर्णय येणार नाही. ते काम घरातच व्हायचे.

म्हणून या पर्युषणात एक करू या. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसून विचारू या, “आजी, तुमचे माहेरचे नाव काय? तुमच्या आईचे? सासूबाईंचे?” मिळेल ते वंशावळीत पेनाने लिहू. त्यांना उत्तर देता येते आहे, तोवरच.